गवळण टेकडीचं गवत

थोडा वेळ माझ्याबरोबर चला. पायाखाली मुरमाची वाट आहे असं समजा. संत्र्याच्या बागा मागे राहिल्या आहेत आणि समोर चढ आहे. पोचलात वर? आता दम खा आणि पाहा. ही नरखेडच्या पुढची, सातपुड्याच्या पायथ्याची गवळण टेकडी. माथा परातीसारखा सपाट. त्यावर झाड नाही, नुसतं गवत.

श्रावणात आलात तर ते तुमच्या कमरेला लागेल. ढग इतके उतरलेले असतील की सातपुडा दिसणारच नाही. दिवाळीत तेच गवत पिवळं होतं आणि कुसळं कपड्यांत शिरून टोचतात. पौषातल्या सकाळी खाली सगळं धुकं असतं. गाव दिसत नाही, फक्त एसटीचा आवाज वर येतो. आणि चैत्रात, उतारावर मोह फुलतो तेव्हा, माथ्यावरचं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं. पावसापर्यंत गावच्या गुरांना तेवढाच चारा.

हे कुरण नत्थूजी राखायचे. गावची गुरंही तेच चारायचे. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ते एकाही जनावराला माथ्यावर चढू देत नसत.

त्याच गावात पाचवीतली नंदिनी आणि तिची आजी पार्वतीबाई राहत. पार्वतीबाई मोहफुलं वेचायच्या. फुलं पहाटे गळतात. खाली पाला असला तर ती सापडत नाहीत. म्हणून पार्वतीबाई आधी झाडाभोवती हातभर रुंद पट्टा झाडून माती उघडी करायच्या, मग पहाटे वारा नसताना आतला पाला पेटवायच्या, आणि राख गार होईपर्यंत पाण्याची घागर घेऊन तिथंच उभ्या राहायच्या.

त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते. आजीला न सांगता आपणच झाडाखाली साफ करून ठेवावं, असं नंदिनीला वाटलं. शाळा सुटल्यावर ती काडेपेटी घेऊन गेली. खालच्या बाजूनं तिनं पट्टा नीट झाडला. वरच्या बाजूला दगड फार होते, तेवढं राहू दिलं. आणि काडी ओढली.

दुपारचा वारा टेकडी चढत जातो. आगही चढली. नंदिनीनं पळसाची फांदी तोडून झोडपलं, घागर तर आणलीच नव्हती. मग ती घाबरून पळाली. संध्याकाळपर्यंत गवळण टेकडीचा माथा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीसमोर गाव जमलं. मधे सरपंच पुष्पलताबाई बसल्या होत्या. आजीबरोबर नंदिनीही आली होती.

"काहून गा नत्थूजी, बिडी कुठं फेकली होती?" भैयाजींनी विचारलं. त्यांच्या सात गाई होत्या.

"बिडी त ओढतो मी. पण माथ्यावर कधीच नाई ओढली."

"हाव! मंग टेकडीनंच बिडी ओढली असन!"

दोघंतिघं हसले. नत्थूजी हसले नाहीत.

"तुम्ही होते कुठं त्या टाइमाले?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"नाल्यावर ढोरं पाजून राहिलो होतो, बाई. वर असतो त विझवली असती. तेवढी चूक माहीच हाय."

"आयकलं ना?" भैयाजी म्हणाले. "चाळीस वर्सं झाले, आता डोळे गेले याचे. ढोरं दुसऱ्याले द्या."

पुष्पलताबाईंनी भैयाजींना हातानं थांबवलं. मग म्हणाल्या, "आग कोणंही लावली असो, त्या घरचं माणूस यंदा टेकडीवर जाणार नाई. फुलाले नाई, लाकडाले नाई. कोणाले काही माहीत असन त आत्ताच सांगा."

नंदिनीला ते नीट कळलं. मोहाची फुलं नुकती गळू लागली होती आणि आजीचं घर त्यावर चालत होतं.

"चाल वं पोरी," पार्वतीबाई हळूच म्हणाल्या, "तुले शाळेले उशीर होऊन राहिला."

नत्थूजींनी हातातली काठी खाली ठेवली, सगळ्यांना हात जोडले आणि ते घराकडे चालू लागले. त्यांना नेहमी गुरांच्या मागे चालताना पाहिलं होतं. असं एकटं चालताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

नंदिनीनं आजीचा हात सोडला. धावत जाऊन तिनं वळणावर नत्थूजींना गाठलं, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढतच परत सगळ्यांसमोर आणलं. मग ते मनगट तसंच घट्ट धरून ती पुष्पलताबाईंना म्हणाली, "मोहाखालचा पाला म्या पेटवला, काकू. आजीले माहीत नाई."