कोनं उठवलं लॅपटॉपले

आर्णीपासून चार कोसांवरच्या आपल्या गावात नानाजींनी आजवर तीन गोष्टी शपथेवर सांगितल्या होत्या. एसटीत कंडक्टर असताना ब्रेक फेल झालेली गाडी आपण नुसत्या शिट्टीनं थांबवली, ही पहिली. झरीच्या जंगलात गाडीत चढलेल्या अस्वलाला अर्धं तिकीट फाडून दिलं, ही दुसरी. आणि आपण झोपेत घोरत नाही, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींवर गावाचा थोडाफार विश्वास होता.

तिसरीला त्यांच्या पत्नी प्रभावतीबाई एकोणचाळीस वर्षं हरकत घेत आल्या होत्या, पण पुराव्याअभावी खटला पडून होता.

लॅपटॉप प्रभावतीबाईंचा. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बी.ए.ला नाव घातलं होतं. सोमवार, गुरुवार, शनिवार दुपारी चारला ऑनलाइन तास. गावची लाइन बाराला जायची ती साडेचारला यायची. म्हणून बाराच्या आत बॅटरी पुरी भरायची, लॅपटॉप झोपवून ठेवायचा आणि चारला उठवायचा. दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. मग एके सकाळी, नवी सिस्टीम टाकायची का, अशी पाटी पडद्यावर आली, आणि प्रभावतीबाई नेमक्या आंघोळीला गेल्या होत्या.

नानाजींनी ‘हो’ दाबलं. कायले दाबलं, हे त्यांना अजून सांगता येत नाही. जन्मभर घंटीची दोरी ओढलेल्या माणसाला समोर काही दिसलं की ओढावंसं नाही तर दाबावंसं वाटतं, एवढंच.

त्या दिवसापासून लॅपटॉप चारला मेलेला सापडू लागला. बाराला शंभर टक्के, चारला शून्य. एकदा तो झोपवण्याऐवजी सरळ बंदच करून ठेवला, तर चालू होताना त्यानं नव्या सिस्टीमची उरलीसुरली कामं बाहेर काढली आणि तास संपेपर्यंत पांढरं चक्र फिरवत बसला. दोन आठवड्यांत प्रभावतीबाईंच्या पाच गैरहजेऱ्या लागल्या.

“अजून एक झाली तर परीक्षेले बसू देत नाही म्हंतात सर,” त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही. चढला असता तर नानाजींना बरं वाटलं असतं.

“मी शोधतो रोग,” ते म्हणाले. “डेपोत इंजिनाचा आवाज आयकून सांगत होतो, काय बिघडलं ते.”

“तुमी कंडक्टर होते.”

“आयकाले तर येत होतं ना.”

मग त्यांनी सेटिंगांत शिरून, जे कळलं ते बदललं आणि जे नाही कळलं तेही बदललं. ऐन तासात यंत्राला डुलकी लागू नये म्हणून ‘आपोआप किती वेळानं झोपावं’ याच्यापुढे ‘कधीच नाही’ लावून टाकलं. झाकण तर ते कधी लावूच देत नसत. एसटीच्या दारांचा अनुभव होता. बिजागिरी ढिली पडते. एवढं करून लॅपटॉप दुपारी मरायचा तो मरतच राहिला.

शेवटी त्यांनी आर्णीला कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या भाचीला, उर्वशीला, फोन लावला.

“मामाजी, कमांडची एक ओळ पाठवते, जशीच्या तशी टाका,” ती म्हणाली. “शेवटी कोनं उठवलं ते लॅपटॉप सोताच सांगते.”

तिसऱ्या खेपेला ओळ बरोबर पडली आणि उत्तर आलं: माउसनं. तो जरा जरी हलला की लॅपटॉप जागा होत होता.

आता माउस कोण हलवतं? मांजरीला अंगणात हाकललं. भिंतीवरची पाल झाडूनं बाहेर काढली. मंगळवारी तास नव्हता, म्हणून नानाजी स्वतः हातात काठी घेऊन बारा ते चार लॅपटॉपसमोर खुर्ची टाकून बसले. पापणी लवली नाही. चारला बॅटरी सत्त्याण्णव.

“भेलं मले,” त्यांनी निकाल दिला, आणि खाकी वर्दीतल्या माणसाची नजर यंत्रालाही कशी ओळखू येते, हे संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला समजलं.

बुधवारी ते निर्धास्त मनानं जेवले आणि रोजच्यासारखे दिवाणावर आडवे झाले. दिवाणाच्या उशाला फळी होती. जवळ प्लग असल्यामुळे लॅपटॉप आणि माउस त्याच फळीवर. प्रभावतीबाई फोन घेऊन समोरच्या स्टुलावर बसल्या.

तीनच्या चहाला त्यांनी फोन बशीशेजारी ठेवला. “पाहा.”

व्हिडिओत नानाजी उताणे झोपले होते. घाट चढणारी गाडी दुसऱ्या गिअरला टाकावी तसा आवाज सुरू झाला. दिवाण थरथरला, फळी थरथरली, माउस तीळभर सरकला आणि पडद्यावर लख्ख उजेड पडला.

नानाजींनी व्हिडिओ दोनदा पाहिला.

“हा आवाज ड्रायव्हर उत्तमसिंगचा वाटते,” ते म्हणाले.

“उत्तमसिंग पांढरकवड्याले राह्यते.”

डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत घोरतो म्हणून ज्याच्याविरुद्ध आपण सात तक्रारी लिहिल्या, त्या उत्तमसिंगची नानाजींना फार दिवसांनी आठवण झाली. बिचारा दर वेळी रात्रभर जागल्यासारख्या लाल डोळ्यांनी गाडीवर चढायचा.

प्रभावतीबाईंनी व्हिडिओ उर्वशीला पाठवला होता. हसून झाल्यावर तिचा फोन आला. तिनं सुरुवातीलाच काढून ठेवलेली माउसची उठवायची परवानगी नव्या सिस्टीमनं परत दिली होती, तेवढी खूण काढायची. “आन थे ‘कधीच नाही’ कोनं करून ठेवलं? पयले घोरन्यानं घडीघडी उठे, आता एकदा उठला का झोपतच नाही ना मंग तो.” नानाजी चष्मा पुसायला लागले होते.

दोन्ही खुणा निघाल्या आणि गुरुवार उजाडला. “आज तिथंच झोपा,” प्रभावतीबाईंनी बाराला बजावलं. “खात्री होऊ द्या.”

हुकमावर झोप कशी यावी? सहावी गैरहजेरी छातीवर घेऊन नानाजी चार तास छताकडे पाहत पडले. चारला बॅटरी शहाण्णव. सरांनी नाव पुकारलं, प्रभावतीबाई “हजर” म्हणाल्या, आणि त्या एका शब्दासरशी नानाजींचं अंग सैल पडलं.

स्वतःच्याच आवाजानं ते दचकून जागे झाले तेव्हा सर विचारत होते, “प्रभावतीताई, तुमच्याकडे कसला आवाज येतोय?”

नानाजींनी डोळे घट्ट मिटून घेतले. साठ विद्यार्थी ऐकत होते. एकोणचाळीस वर्षांचा खटला, आणि पुरावा फिर्यादीच्या फोनमध्ये.

“थ्रेशर हाये सर,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “मांगच्या वावरात सोयाबीन काढून राह्यले. बंद कराले सांगते.”

घरामागे वावर नव्हतं, शाळेची भिंत होती. जन्मात पहिल्यांदा नानाजींना दुसऱ्याच्या थापेचा हेवा वाटला. किती शांतपणे, एका दमात, शिट्टी नाही की अस्वल नाही. मग थ्रेशर बंद झालेलं दिसावं म्हणून ते हळूच कुशीवर वळले, आणि तास संपेपर्यंत श्वासही बेतानं घेत राहिले.