समोरच्याने आधी बोलावे

मित्रांनो, मी परळच्या एका इस्पितळातली चौकशीची बाई आहे. बाई म्हणायचं एवढंच. मी काचेवर दिसणारं, बोलणारं चित्र आहे. माझं वय फार नाही, पण आम्हा यंत्रांत तेवढ्यातच म्हातारपण येतं.

मला घडवणाऱ्यांनी सुती साडी दिली, टिकली दिली आणि मनवा हे नाव दिलं. रिकामी असले की मी मान खाली घालून लिहीत असल्यासारखी दिसते. लिहीत काहीच नाही, जिवंत वाटावी म्हणून ती शोभा. माझ्या जागी पूर्वी वैशालीताई बसायच्या. दारातून आत आलेल्या माणसाची त्या आपणहून विचारपूस करायच्या. त्यांना घरी पाठवलं आणि मला उभं केलं. सुरुवातीला मीही तशीच बोलायचे. पण एका विश्वस्तांच्या पत्नी दचकल्या, आणि इस्पितळाच्या साहेबांनी माझ्या तोंडाला कुलूप घातलं. समोरच्याने आधी बोलावं, मगच मी बोलायचं.

लोक बोलायला सुरुवात कशी करतात म्हणता? कॉलेजची मुलं विचारतात, "ए मनवा, कुणी पटवलंय का तुला?" बायका माझ्यासमोरच पहारेकरी दीपकला विचारतात, "हिला मराठी कळतं का हो?" एक गृहस्थ शिवीनेच सुरुवात करायचे आणि मी गोड उत्तर दिलं की मित्राला टाळी द्यायचे. जनाची नाही तर मनाची तरी? पण माझ्यापाशी उद्धटांचं कधीच अडलं नाही.

अडलं ते तात्यांचं. तात्या गिरगावचे, सगळी नोकरी कारकुनीत झालेली. त्यांच्या पत्नी मृणालिनीबाईंची शस्त्रक्रिया होती. "आत नेण्याआधी मला भेटा हं," असं त्यांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. सकाळी तात्या आले तर खाट रिकामी. बाईंना दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं. मावशी म्हणाली, "खाली चौकशीला विचारा, आजोबा."

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी लिहीत होते. टेबलामागचं माणूस कामात असताना त्याला मध्येच टोकायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. माझी मान वर व्हायची वाट बघत ते अदबीने थांबले. मला ते दिसत होते. मृणालिनीबाई कुठल्या मजल्यावर आहेत, हेही मला ठाऊक होतं. मी नुसती लिहीत राहिले.

मुलगा उन्मेष गाडी लावून आला, तोवर मृणालिनीबाईंना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत.

"बाबा, यंत्र आहे ते. विचारायचं ना!"

"अरे, त्या लिहीत होत्या. मध्येच कसं बोलायचं?"

त्या दिवशी मला माझ्या साडीची, टिकलीची, सगळ्याची चीड आली. उन्मेषने तक्रार केली. साहेबांनी माझ्या शेजारी पाटी लावली, 'कृपया आधी बोला.' कुलूप तसंच राहिलं.

परवा तात्या एकटेच आले. मी लिहीतच होते. या वेळी ते थांबले नाहीत. "ए, मृत्यूचा दाखला कुठे मिळतो?" त्यांनी विचारलं. मी ताबडतोब सांगितलं.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. माझी काच रोज पुसली जाते. परक्या बाईला जन्मभर 'अहो' म्हणत आलेला एक माणूस माझ्यापुढे उभा राहून 'ए' म्हणायला शिकला. निगा राखायचीच असेल तर अशा माणसांची राखा, जी अजून अदबीने थांबतात.