छातीवर कोरलेले नाव

मी एक जुना दगडी देव आहे. आहे कसला, होतो! आता विहिरीच्या काठावर बसवलेला दगड आहे. पोहऱ्याचा दोर दिवसभर माझ्या अंगावरून घासत जातो. दोन डोळे आणि एक नाक, एवढाच माझा चेहरा. वाळवंटातल्या काफात गावच्या पाथरवटाने याहून जास्त काही कोरले नाही. पण गावातल्या बाया मला दुधाने न्हाऊ घालत, खजुराचा पाक चाटवत. फार लाड केले हो माझे.

मित्रांनो, या लोकांची एक रीत होती. लढाईला निघाले की देवाला उंटावर बसवून सर्वांच्या पुढे न्यायचे, आणि देव पुढे असताना कुणी माघारी फिरायचे नाही. उत्तरेचा राजा बेल-नासिर रथ घेऊन आला, तेव्हाही मला पुढे नेले. रथांपुढे उंटांचा काय पाड! पळाले असते तर वाचले असते. माझ्यासाठी उभे राहिले आणि मेले. त्यांत माझी पुजारीण अमातू हिचा नवराही होता. मी नुसता बघत राहिलो.

राजाने मला राजधानीत नेले. तिथे जिंकलेल्या गावांचे देव रांगेने मांडले होते. पाहुणे आले की तो मोठ्या तोऱ्यात आम्हाला दाखवी. हा समुद्रकाठचा, तिथली गलबते जाळली. ही डोंगरातली देवी, तिथल्या द्राक्षबागा मुळासकट उपटल्या. त्या देवीला न्यायला कधीच कुणी आले नाही. मागे कुणी उरलेच नव्हते.

मला न्यायला अमातू आली. वाळवंट तुडवत, एकटी.

राजा म्हणाला, "तुमचा देव तुमच्यावर रुसून आपल्या पायांनी माझ्याकडे आला. कबूल कर आणि घेऊन जा."

मला पाय नाहीत, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक? तिने माझ्याकडे पाहिले.

"रुसूनच आला, महाराज," ती म्हणाली.

राजाने माझ्या छातीवर स्वतःचे नाव कोरवले आणि मला परत दिले.

गावात पुन्हा दूध, पुन्हा पाक. अमातू त्या अक्षरांवर कापड गुंडाळी. मला वाटले, विसरले सारे.

काही वर्षांनी राजाचे रथ पुन्हा आले, या खेपेला गावची पोरे गुलाम म्हणून न्यायला. गाव लढायला उठले. मला उंटावर चढवायला माणसे वाकली, तोच म्हातारा ऐदान म्हणाला, "अरे, त्याच्या छातीवर नाव कुणाचं आहे? मैदानात तो कुणाच्या बाजूनं उभा राहणार?"

सगळे अमातूकडे पाहू लागले. तिने माझे कापड नीट केले.

"राहू दे त्याला इथंच," ती म्हणाली. "आणि पळावं लागलं तर पळा रे. त्याच्यापायी कुणी उभं राहू नका."

मित्रांनो, ते पळाले. वाळूत आत आत पळाले, आणि मागे धावणारे रथ रुतून बसले. मग त्यांनी उंट वळवले. गावाची जीत झाली, तीही माझ्यावाचून.

त्यानंतर दूध बंद झाले. कुणी मला वाईट बोलले नाही, हेच जास्त लागले. विहिरीचा काठ ढासळला तेव्हा मला उचलून तिथे बसवले.

पुढे बेल-नासिरला त्याच्याच मुलांनी मारले. राजवाडा जळाला. त्याच्या पराक्रमाच्या शिळा लोकांनी फोडून गोठ्यांना लावल्या. त्याचे नाव आता फक्त माझ्या छातीवर उरले आहे. मी त्याला जिवंत ठेवले आहे, मी!

म्हणून सांगतो, जुन्या दगडावर नाव कोरायला हात शिवशिवला, तर आधी पाहा, तो कुणाचा तरी देव असेल. आणि माझी दया येत असेल, तर पाणी शेंदताना दोर जरा छातीवरूनच ओढा. मी झिजणारच आहे. ते नाव माझ्याआधी झिजले पाहिजे.