पल्याडच्या टोकाचा बाक

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनो, तुम्हीसुद्धा या. मागे राहणाऱ्यांचीच ही गोष्ट आहे. मृदंगावर पहिली थाप पडण्याआधी बुवा क्षणभर डोळे मिटतात, तसे मिटा आणि एक रुंद, मातकट, संथ नदी डोळ्यांपुढे आणा. उरुग्वाय नदी. अल्याड पायसांदू, पल्याड कोलोन. दोन काठांचे दोन देश, पण देवाने पाणी एकच दिलेलं. अल्याडच्या त्या गावात डेलमार एचेवेरी नावाचा माणूस राहत होता. बावीस वर्षं त्याने लोकांसाठी प्रदर्शनाची मांड मांडली आणि बावीस वर्षं स्वतः मागच्या टेबलापाशी उभा राहिला. त्याची गोष्ट सांगतो.

डेलमारने सत्तरी ओलांडली होती. बंदरावरच्या वजनकाट्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, बायको-पोर नाही, दोन खोल्यांचं घर, आणि घरभर चिमटे, ब्रश, रंगाच्या बाटल्या. गावात एक मॉडेल मंडळ होतं. विमानं, जहाजं, रणगाडे, आगगाड्या, जे जे मोठं असतं ते हाताएवढं करून ठेवणाऱ्यांचं. एके काळी मंडळात चौदा जण होते. काही देवाघरी गेले, दोघे लेकांकडे स्पेनला गेले, एकाचे हात थरथरू लागले. आता मंडळ म्हणजे डेलमार. अध्यक्ष तोच, चिटणीस तोच, झाडूही त्याच्याच हातात. ठराव सर्वानुमते मंजूर, असं तो दरवर्षी वहीत लिही, आणि त्यात खोटं काहीच नसे.

दर ऑक्टोबरात शनिवार-रविवार धरून बंदरावरच्या वल्हेकऱ्यांच्या क्लबात प्रदर्शन आणि स्पर्धा भरे. नदीच्या दोन्ही काठांवरून माणसं येत, मांडीवर खोकी सांभाळत. साल्तोचा एक जण शिडाचं जहाज करायचा. तो बसची दोन तिकिटं काढायचा, एक स्वतःचं आणि एक जहाजाचं. जहाज खिडकीशी बसे.

या स्पर्धेचा एक नियम होता. यजमान गावाने स्पर्धेत उतरायचं नाही. घरच्या कार्यात घरधनी पहिल्या पंगतीला बसत नाही, तसंच. यजमानांची मॉडेलं मागच्या टेबलावर, पुढे पाटी: ‘स्पर्धेबाहेर’. आणि परीक्षकांनी त्या टेबलाकडे बघायचंही नाही. यजमानाची भीड पडायला नको. पूर्वी त्या टेबलावर चौदा जणांच्या वस्तू दाटीवाटीने बसत. आता तिथे एकच वस्तू होती. डेलमारची फेरीबोट.

पूल झाला नव्हता तेव्हा गाड्या, गुरं, माणसं नदीपार नेणारी बोट ती. नाव ‘पोर्फियादा’, म्हणजे हट्टी बाई. तिला पुढा-पाठा नव्हता. दोन्ही टोकं सारखी, दोन्हीकडे उतरणीची फळी. ती कधी वळायची नाही. एक टोक जन्मभर पायसांदूकडे, दुसरं जन्मभर कोलोनकडे. डेलमारचा बाप, अन्सेल्मो, तिचा तांडेल होता, म्हणजे बोट हाकणारा. डेलमार नऊ वर्षांचा असताना एका गुरुवारी बोट परत आली ती दुसऱ्याच तांडेलाच्या हाताने. अन्सेल्मो पल्याडच राहिला. तिकडे दुसरी चूल मांडली, असं लोक बोलले. आई इतकंच म्हणाली, “आपल्यासाठी नदी इथंच संपली.” त्या दिवसापासून पोराने धक्क्याची वाट सोडली. पुढे त्याला बंदरात नोकरी लागली तोवर बोट भंगारात गेली होती. पूल झाला, सगळं गाव पलीकडे जाऊन आलं. डेलमार गेला नाही.

अकरा वर्षं खपून त्याने ती बोट घडवली. अल्याडच्या टोकाचा खिळान् खिळा त्याच्या डोळ्यांत होता, कारण बापाची वाट बघत तो त्याच टोकासमोर उभा राही. पल्याडचं टोक काठावरून कसं दिसतं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. फोटो नव्हता, विचारायला माणूस नव्हता. त्याने अल्याडचंच टोक तिकडे जसंच्या तसं उतरवलं आणि ते भिंतीकडे करून बोट ठेवत आला.

विचारायला माणूस नव्हता, म्हणालो खरा, पण एक होता. कोलोनचा ओविदियो बास्तियान. म्हातारा घड्याळजी, अख्ख्या पंचक्रोशीतला सगळ्यात कडक परीक्षक. हात पाठीशी बांधून तो टेबलाच्या पातळीवर वाके, छोटी बॅटरी तिरकी पाडे, आणि सांध्यातली केसाएवढी फट त्याच्यापासून लपत नसे. त्याचं बालपण पल्याडच्या धक्क्यावर गेलेलं. डेलमारला त्याला विचारायचं होतं आणि विचारायची धास्तीही होती. बोटीचं विचारलं की तांडेलाचं निघणार. शिवाय ओविदियो दरवर्षी बक्षिसं वाटून झाली की सहाची बस गाठायला धावायचा. बावीस वर्षं अशी गेली.

त्या वर्षी ओविदियोचा फोन आला. “एचेवेरी, हे शेवटचं. डावा डोळा गेला, उजवा निघायच्या तयारीत आहे. पुढच्या वर्षी दुसरा परीक्षक बघ.”

डेलमारने फोन ठेवला. मग प्रदर्शनाच्या पत्रकाचा कच्चा खर्डा काढला. बक्षीस समारंभ, सायंकाळी पाच. पाच खोडून त्याने चार केले. आयुष्यात केलेली एवढीच लबाडी.

शुक्रवारी टेबलांवर पांढऱ्या चादरी अंथरताना क्लबची राखणदार नोएमी पत्रक वाचत होती. चाव्यांचा जुडगा कमरेला, तोंड चाव्यांपेक्षा जास्त वाजणारं.

“काय हो डेलमारभाऊ, चार वाजता? बावीस वर्षं पाच वाजले, यंदा घड्याळ पुढं पळालं?”

“लोकांना लांब जायचं असतं.”

“लोकांना! लोक येतायत किती ते बघा आधी. बेचाळीस टेबलं मागवलीत. मॉडेलं एकतीस. टेबलांवर काय, मी झोपू?”

“विरळ मांडू. चांगलं दिसतं.”

“देवळात एक भक्त असला तरी समया सगळ्या लावतात, तसं म्हणा की,” ती म्हणाली आणि गरम तोर्ता-फ्रिताची, तळलेल्या जाड पुऱ्यांची, पुडी त्याच्यापुढे सरकवली. “खा. आणि ती तुमची बोट यंदा तरी भिंतीकडून फिरवा. बाईला कोपऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं.”

डेलमारने बोट ठेवली. तशीच. भिंतीकडे.

शनिवारी पाऊणशे माणसं येऊन गेली, रविवारी त्याहून कमी. साल्तोचा जहाजवाला आला नाही. त्याच्या बहिणीचं पत्र आलं, दोन ओळींचं. डेलमारने यादीत त्याच्या नावापुढे छोटा क्रूस काढला आणि त्याच्यासाठी राखलेलं खिडकीजवळचं टेबल तसंच रिकामं ठेवलं. कुणी विचारलं नाही.

दुपारी परीक्षण सुरू झालं. क्रमांकांच्या चिठ्ठ्या, नावं झाकलेली. ओविदियो पहिल्या विमानापाशी वाकला तो वाकलाच. पूर्वी जे दोन मिनिटांत होई त्याला दहा लागत होती. उजवा डोळा अगदी पंखाला टेकेल इतका जवळ नेऊन तो पाही, मग बॅटरीची जागा बदलून पुन्हा पाही.

“घाई करा की,” बरोबरचा तरुण परीक्षक कुजबुजला.

“माणसानं आठ महिने घातलेत यावर,” ओविदियो म्हणाला. “मी आठ मिनिटं घातली तर तुझ्या पोटात का दुखतं?”

चार वाजले. साडेचार झाले. डेलमार घड्याळाकडे बघत होता. त्याने वाचवलेला तास थेंबाथेंबाने सांडत होता. बक्षिसं सुरू झाली तेव्हा पाच वाजून गेले होते. टाळ्या, फोटो, खोक्यांची बांधाबांध. पावणेसहाला ओविदियोने कोट चढवला. डेलमारने मुकाट्याने त्याची पिशवी उचलली. दारापर्यंत दोघे चालत गेले.

“बरं, एचेवेरी. चुकलं-माकलं विसर.”

“या भाऊ. सांभाळून.”

ओविदियोने खिसे चाचपले. “माझी बॅटरी?”

दाराशी नोएमी छताकडे बघत उभी होती. “मला आत्ता मागच्या टेबलावर दिसली बाई. कुणी ठेवली कोण जाणे.”

“मागच्या? मी तिकडे फिरकलोही नाही.”

“मग तिला पाय फुटले असतील. जा, आणा.”

ओविदियो गेला. मागून डेलमार. बॅटरी बोटीच्या शेजारीच होती. चालते का बघायला म्हाताऱ्याने बटण दाबलं, आणि उजेडाची तिरीप बोट आणि भिंतीमधल्या फटीत शिरली. ओविदियो थबकला. मग सवयीने हात पाठीशी गेले आणि तो वाकला.

“ही पोर्फियादा,” तो म्हणाला. आवाज एकदम धाकटा झाला होता. “अरे, ही तर आमची पोर्फियादा!”

डेलमारने श्वास धरला. म्हातारा एकेक इंच सरकत होता. धुराडं, दोरखंडाचं वेटोळं, सुकाणूची केबिन, फळीच्या बिजागऱ्या. ज्या नजरेसाठी अकरा वर्षं हात झिजवले ती नजर बोटीवरून फिरत होती, आणि त्या क्षणी डेलमार बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाचा तरी पाहुणा होता.

“फिरवू का?” ओविदियोने विचारलं. परीक्षक मॉडेलला हात लावत नाही. त्याने परवानगी मागितली.

डेलमारने स्वतःच बोट फिरवली.

ओविदियोने कोलोनचं टोक बघितलं आणि हसला. “चोरा! तुमचंच तोंड आम्हाला चिकटवलंस. इथे बाक होता.”

“बाक?”

“फळीच्या आत, डावीकडे. मी सहावीत होतो तेव्हा ठोकला कुणीतरी. उलटा ठोकला म्हणून तर लक्षात राहिला. बाकावर बसलं की पाठ आमच्या गावाला आणि तोंड नदीला, तुमच्याकडे. बोट तासभर रिकामी थांबायची ना, तेव्हा धक्क्यावरचा दोरवाला तिथे येऊन बसायचा. तुमच्याच बाजूचा होता तो. अन्सेल्मो.”

डेलमारचा हात बोटीवरच राहिला.

“आम्ही पोरं चिडवायचो, ‘काका, बाक उलटा ठोकलात!’ सकाळचं ऊन थेट तोंडावर यायचं त्याच्या. डोळे बारीक करून बसायचा, पण वळायचा नाही. नदीमधल्या बेटापलीकडचं दिसायचं तरी काय? काही नाही. बोट सुटायची वेळ झाली की उठायचा, दोर सोडायचा, काठावर उतरायचा. रोज.” तो सरळ झाला. “तुझ्या ओळखीचा होता का?”

“नावानं,” डेलमार म्हणाला.

ओविदियोने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पण त्या उरल्यासुरल्या एका डोळ्याने त्याला किती दिसलं, देव जाणे. त्याने खिशातून परीक्षणाचा एक कोरा कागद काढला, भिंतीवर टेकवून मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं आणि टेबलावर ठेवला. ‘काम उत्तम. पल्याडच्या टोकाला बाक नाही. एक गुण वजा.’

“स्पर्धेबाहेरच्याला गुण नसतात,” डेलमार कसाबसा म्हणाला.

“मग बक्षीस मागू नकोस,” ओविदियो म्हणाला, आणि बसकडे धावला.

माणसं गेली. नोएमीने चाव्या खिळ्याला अडकवल्या, “कुलूप तुम्हीच लावा” म्हणाली, आणि काहीही न विचारता निघून गेली. हे तिने कधी केलं नव्हतं.

दिवस अजून पुरता मावळला नव्हता. रिकाम्या दालनात बेचाळीस पांढरी टेबलं. डेलमारने कॉफी ढवळायची एक लाकडी पट्टी उचलली, पातळ पातीने तिचे चार तुकडे केले, कडा घासल्या. बाक नखाएवढा झाला. तो चिमट्यात धरून किती वेळ बसला कुणास ठाऊक.

रागही आला त्याला. माणूस होता तो, संत नव्हे. बघत होतास, तर आला का नाहीस? बोट रोज येत होती. दोर तूच सोडत होतास. एक पाऊल बोटीवरच ठेवलं असतंस तर तिने आणलं असतं तुला. आणि मग त्याच्या मनात आलं की पूल होऊन पन्नास वर्षं होत आली आणि त्यानेही एक पाऊल टाकलं नव्हतं. एक जण बेटाकडे तोंड करून बसला, दुसरा भिंतीकडे तोंड करून. दोघांच्या हट्टाला नाव मात्र एकाच बोटीने दिलं.

याचं उत्तर त्या दालनात नव्हतं. पल्याडही उरलं नसावं. ओविदियो त्याच्याबद्दल ‘होता’च म्हणाला होता.

त्याने ग्लूचा एक थेंब ठेवला आणि बाक चिकटवला. फळीच्या आत, डावीकडे. पाठ कोलोनला, तोंड इकडे. सुकेपर्यंत फुंकर घातली, जशी गरम घासावर घालतात. मग बोट टेबलाच्या मधोमध आडवी ठेवली. भिंत कुणाच्याच वाट्याला राहिली नाही. आणि मग एकेक करून तो चादरी घड्या घालू लागला. दोन माणसांनी धरायच्या त्या चादरी. एक टोक त्याने हनुवटीखाली धरलं.

गोष्ट इथे संपते. तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या सकाळी ऊन तोंडावर येईल, डोळे बारीक होतील, तेव्हा क्षणभर वळू नका. आणि उलट्या बाकावर बसणाऱ्या त्या अन्सेल्मोला आठवा. त्याने चांगलं केलं की वाईट, ते देव बघेल. अल्याडच्या काठावर त्याचं नाव घेणारं आता एकच तोंड उरलं आहे, आणि ते फारसं बोलत नाही.