कडी नसलेलं दार

सकाळचे साडेदहा वाजले होते. मधल्या खोलीचं दार नेहमीसारखं सताड उघडं, आणि टेबलाशी बसलेल्या सुनेचं निम्मं लक्ष त्या दाराकडे. अकरा वाजता तिची ऑनलाइन मुलाखत होती, प्रोग्रामरच्या नोकरीसाठी. कंपनी एवढी मोठी, की तिथे नुसतं बोलावणं आलं तरी लोक पेढे मागतात.

अभ्यासात ती कुठेच कमी नव्हती. घोडं अडलं होतं ते दारापाशी. सुनेने दिवसा दार लावायचं नाही, ही या घरची रीत. तिने मधल्या खोलीत अभ्यास सुरू केला, त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिथली कडी स्क्रूसकट काढून नेली. म्हणे, लहान मुलं आत अडकतात! घरात लहान मूल औषधालाही नव्हतं.

आणि कंपनीचा नियम असा, की कॅमेऱ्यात उमेदवाराखेरीज कोणी दिसता कामा नये. पहिल्या मुलाखतीच्या वेळी सासूबाई "गॅस बंद करू का गं?" म्हणत आल्या, तेव्हा ताकीद मिळाली. दुसऱ्या खेपेस सासरे चष्मा शोधत आले आणि तिच्या खांद्यावरून स्क्रीन वाचू लागले. कोणीतरी उत्तरं पुरवतंय, असं समजून मुलाखत तिथेच थांबवली गेली. वर्षभराची मेहनत पाण्यात! पत्रावर पत्रं लिहून तिने ही शेवटची संधी मिळवली होती.

नवरा दुसऱ्या कंपनीत हेच काम करी, घरूनच. झोपायची खोली दिवसा त्याची कचेरी होई. त्या खोलीला कडी होती. तो आत असला की सासूबाई मिक्सरसुद्धा लावत नसत.

"आज तासभर ही खोली मला दे," ती त्याच्या दारात जाऊन म्हणाली.

"अगं, अकराला माझी मीटिंग आहे. आईला सांग ना, येऊ नको म्हणून."

"दोनदा सांगितलं."

"मग तिसऱ्यांदा सांग. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

अकराला पाच मिनिटं असताना तो चहा आणायला स्वयंपाकघरात गेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने त्याचा लॅपटॉप उचलून मधल्या खोलीतल्या टेबलावर ठेवला, स्वतःचा घेऊन झोपायच्या खोलीत गेली आणि कडी लावली.

मुलाखत सुरू होते न होते तोच दार वाजू लागलं. आधी नवरा, मग सासरे. "सूनबाई, हे काय चालवलंय?"

पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "कसला आवाज येतोय?"

"दार वाजतंय," ती म्हणाली. "मी उघडणार नाही. तुम्ही पुढचा प्रश्न विचारा."

तासाभरात प्रोग्राम पुरा झाला. एक चूक निघाली, ती तिची तिनेच शोधून दुरुस्त केली. निकाल आठवड्याने कळणार होता.

ती बाहेर आली तेव्हा नवरा लालबुंद होऊन उभा होता. "बाबा दोनदा चष्मा मागायला आले, आई भाजीचं विचारायला! सगळ्यांसमोर शोभा झाली माझी. इथे माणसाने काम करायचं तरी कसं?"

"मी दोन वर्षं करतेय," ती म्हणाली. "तुझा एकच तास झालाय."

सासरे पुटपुटले, "आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं."

तिने पायात चपला सरकवल्या. "कोपऱ्यावरच्या दुकानातून कडी घेऊन येते. मधल्या दाराला मीच बसवणार आहे."

सासूबाई इतका वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. लग्न होऊन या घरात आल्याला त्यांना अडतीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत दिवसाउजेडी त्यांनी एकही दार लावलं नव्हतं. पदराला हात पुसत त्या जिन्यापर्यंत सुनेच्या मागे आल्या. आता बोलणी बसणार, म्हणून ती थांबली.

सासूबाईंनी मागे वळून सासऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "दोन आण."