मागे काय ऐकू येतं

"आणि आईंचं काय ठरलंय?" बालवाडीच्या संचालिकाबाईंनी विचारलं.

"आईंचं म्हणजे?"

"म्हणजे नोकरीचं. मूल इतकं लहान आहे, म्हणून आपलं विचारलं."

गोटीची आई समोर बसली होती आणि गोटीचा बाबा तिच्या शेजारी. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, तसाच कामावरून आला होता, नखांत काळं ग्रीस. दोन खुर्च्या, दोन पालक. पण प्रश्न सगळे एकाच खुर्चीकडे येत होते. बाबा छताच्या पंख्याकडे असा बघत होता, की जणू त्याला तोच दुरुस्त करायला बोलावलंय.

"मी नोकरी करणार आहे," आई म्हणाली. "यांचं काय ठरलंय ते विचारलं नाहीत तुम्ही."

संचालिकाबाई विनोद ऐकल्यासारख्या हसल्या. बाबाही हसला. ते हसू आईने मनात नीट घडी घालून ठेवलं, पुढेमागे वापरायला.

जागा मात्र नाव ठेवण्यासारखी नव्हती. भिंतींवर ढग रंगवलेले, चपला एका ओळीत, फरशी अशी की तोंड बघावं. काचेच्या दारापलीकडे मुलं बसली होती, त्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.

"ऐका," संचालिकाबाईंनी बोट वर केलं.

दोघांनी ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही.

"दिवसभर असंच असतं. आमच्याकडे कोणी रडत नाही."

"वा," बाबा म्हणाला. आणि खरं सांगायचं तर आईचेही कान त्या क्षणी सैल पडले. बाबाच्या खांद्यावर त्याच्या शर्टाची कॉलर चघळत पडलेल्या अडीच वर्षांच्या गोटीला तेवढं कुणीतरी काही विचारायचं होतं, ते राहून गेलं.

गोटीची आई रुग्णवाहिकेच्या मदत केंद्रात फोन घ्यायची. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांचा आकांत ऐकायचा, पत्ता काढून घ्यायचा, गाडी पाठवायची. या कामात बोलणाऱ्यापेक्षा त्याच्या मागे काय ऐकू येतंय तिकडे कान ठेवावा लागतो. दार आपटतंय का, दुसरं कोणी कण्हतंय का. बालवाडी निवडताना तिने हीच हुशारी वापरली. कँटीनमधून एकेका ठिकाणी फोन लावायचा, फी आणि वेळा विचारायच्या, आणि कान मागे ठेवायचा. एकीकडे मागे टीव्ही चालू होता. एकीकडे कुणीतरी कुणालातरी गाढव म्हणत होतं. आणि एका ठिकाणी तर अशी बोंबाबोंब, की शेजारी चहा पिणाऱ्या आबांनाही ऐकू गेली. कोणीतरी टाहो फोडलेला, भांडं पडलेलं, आणि त्या सगळ्यातून एक बाई ओरडली, "आत्ता नाही हो! एकाचं ढुंगण धुतेय. नंतर करा." फोन बंद.

आबा केंद्रातले सगळ्यात जुने. ते म्हणाले, "गाडी पाठवू का एखादी तिकडे?"

ते ठिकाण तिथेच बाद झालं. मग हे ढगांचं ठिकाण लागलं. आवाजामागे काही म्हणजे काही नाही. आठ तास आरडाओरडा ऐकलेल्या कानांना ती शांतता इतकी गोड लागली, की 'तुमच्याकडे गोंधळ नसतो ना?' एवढंच विचारून ती पुढचं काही विचारायचं विसरली.

सासूबाईंचा फोन आलाच. "आमच्या वेळी पोरं घरात वाढली बाई."

"हो ना. आणि तुमच्या वेळी तुम्ही दिवसातून कितीदा बसत होतात, तेही सांगा."

"मी कशाला बसतेय!"

"तेच म्हणतेय मी."

गोटी पहिले दोन दिवस बालवाडीच्या दारात रडली. मग रडायची थांबली. रुळली, असं दोघांनी सगळ्यांना सांगितलं, आणि सांगताना दोघांच्या आवाजात थोडी फुशारकी होती. घरीही ती शहाण्यासारखी वागायला लागली. पाणी हवं असलं तर मागायची नाही, पाण्याच्या भांड्याजवळ जाऊन उभी राहायची, कोणाचं लक्ष जाईपर्यंत. "किती गुणी झालीय," बाबा म्हणाला.

एका संध्याकाळी आई भांडी घासत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीत धप्पकन आवाज झाला. पलंगावरून पडली, हे न बघताच कळलं. साबणाचा हात तसाच धरून ती थांबली. पडलेलं पोर आधी श्वास घेतं, मग भोकाड पसरतं. त्या भोकाडाची ती वाट बघत राहिली. ते आलंच नाही.

केंद्रात नवीन माणूस आला की आबा त्याला पहिली गोष्ट सांगतात, जो ओरडतोय तो अजून धडधाकट आहे. जिथून काही ऐकू येत नाही, तिथे आधी गाडी पाठव.

ती धावली. गोटी जमिनीवर बसली होती. ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्त फ्रॉकवर ठिबकत होतं. डोळ्यांत पाणी भरलेलं. आणि ती आईकडे बघत होती, एक बोट तोंडावर ठेवून.

दुसऱ्या दिवशी आबांशी पाळी बदलून आई भर दुपारी बालवाडीत गेली. दारातल्या बाईने अडवलं. "ही भेटायची वेळ नाही."

"मी भेटायला नाही आले. न्यायला आलेय."

काचेच्या दारापलीकडे या वेळी मुलं समोरच्या भिंतीला टेकून रांगेत बसली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. एका मुलाच्या नाकातून शेंबूड ओघळून ओठावर आला होता, पण घडी मोडायची परवानगी नव्हती, म्हणून तो जिभेने काम भागवत होता. दुसऱ्याची चड्डी ओली होती आणि तो तिच्यातच बसून होता. शिकवणारी मुलगी कोपऱ्यात मोबाइल बघत होती. त्याचाही आवाज बंद होता.

संचालिकाबाई आल्या. "शिस्त आहे ही. आम्ही बोट तरी लावतो का कुणाला? विचारा तुमच्या मुलीला."

"ती बोलली तर विचारीन ना."

"हे बघा, तुम्ही फोनवर पहिला प्रश्न काय विचारला होतात आठवतंय? 'तुमच्याकडे गोंधळ नसतो ना?' सगळे तेच विचारतात. दिवसभर राबून तुमचं डोकं उठलेलं असतं, संध्याकाळी तुम्हाला शांत मूल हवं असतं. आम्ही ते देतो."

आईच्या तोंडात इतकं काही आलं होतं, की त्या ढगांना भोकं पडली असती. पण बाईंचं खरं होतं. तिने रुमाल काढला आणि त्या परक्या पोराचं नाक खसाखसा पुसलं, जरा जास्तच जोरात. मग गोटीला उचललं.

"बोंबल," जिन्यात ती गोटीला म्हणाली. "काय हवं ते बोंबल." गोटी गप्प.

घरी बाबाने सगळं ऐकलं आणि नेमकं नको ते बोलला. "मग उद्या कोण थांबणार घरी?"

"तू."

"अगं, बारा मजली बिल्डिंग आहे, लिफ्ट बंद. म्हातारी माणसं जिने चढतायत."

"माझ्याकडे फोनवर माणसं मरतायत. बसायचं का तुलना करत?"

तो नखातलं ग्रीस काढत म्हणाला, "त्या बाईंनी मला काहीच विचारलं नाही ना, तेव्हा बरं वाटलं होतं मला."

"दिसलं ते."

"थांबतो उद्या. साहेबांना काय सांगू?"

"मुलगी आहे म्हणून सांग. इतकी वर्षं एकत्र काम करताय, तुला मुलगी आहे हे एकदा कळू दे त्यांना."

सकाळी तिघं मिळून त्या बोंबाबोंबीच्या ठिकाणी गेली. दार उघडणाऱ्या ताईंच्या कडेवर एक पोर होतं, दुसऱ्याने त्यांचा गुडघा धरला होता.

"मी मागे फोन केला होता. तुम्ही ठेवलात."

"ठेवणारच. हातात काय होतं तुम्हाला काय माहीत."

"माहीत आहे. सांगितलं होतंत."

ताई हसल्या नाहीत. त्या गोटीकडे बघत होत्या. गोटी उंबऱ्याशी हाताची घडी घालून उभी होती. "कुठे होती आधी?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच "हं" म्हणाल्या. "जागा पुढच्या आठवड्यात होईल. तोवर दोघांपैकी कोणी सोबत बसणार असेल तर आणा." हे बोलताना त्यांनी आईकडे बघितलं आणि मग तितकाच वेळ बाबाकडे.

"मी बसतो," बाबा म्हणाला. वीतभर खुर्ची मिळाली, तीत तो गुडघे हनुवटीला लावून बसला.

गोटी बराच वेळ हलली नाही. कोणी तिला ये-ये केलं नाही. मग हळूच तिने जमिनीवरचा एक निळा डबा उचलला. लगेच दोन वेण्यांची एक मुलगी आली आणि डबा ओढून घेतला.

"माझा," गोटी पुटपुटली.

वेण्यांनी ऐकलं नाही.

"माझा!" आणि तिने एक वेणी धरली. मग जे सुरू झालं ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असणार. बाबा अर्धा उठला.

"बसा हो," ताई म्हणाल्या. "वेणी सोडवते मी. भांडण राहू दे तिचं."

आईची कामाची वेळ झाली होती. ती दारात थांबली. गोटीने एकदा वळून बघितलं असतं तर तिला हात करता आला असता. पण गोटी लालबुंद होऊन दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरून ओरडत होती. तिला कुठली सवड. आईने पिशवी खांद्यावर घेतली, बाहेरून हात घालून फाटकाची कडी लावली, आणि ती कामाला गेली.