आपोआप बंद

गंगाखेडच्या गंगम्मांचे पती वीरुपाक्ष दोन वर्षांपासून ऑक्सिजनच्या मशीनवर होते. लाईट गेली की मशीनची बॅटरी जेमतेम वीस मिनिटं चाले. एका दुपारी खाजगी ठेकेदाराचा माणूस, मंगेश, नवं प्रीपेड मीटर घेऊन दारात आला.

"रिचार्ज संपल्यावर करंट कोन बंद करतंय?" गंगम्मांनी विचारलं.

"कोनीच न्हाई, मावशी. आपोआप बंद होतो."

गंगम्मांनी वळून आत मशीनकडे बघितलं. आजवर वायरमन कनेक्शन तोडायला आलाच, तर त्याला आत नेऊन पेशंट दाखवता येई. आता कुणाला दाखवायचं?

गंगम्मा जुन्या मीटरला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आजारी मानसासाठी सरकारचा काई नियम आसंल की!"

मंगेशनं वीज कार्यालयात फोन लावला. मीटर बदलायचं धोरण वरून आलं होतं, पण अशा घरांचं काय करायचं हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. आतून मशीनची घरघर ऐकू येत होती. मंगेशनं कागदावर 'घरी पेशंट' असं लिहिलं आणि मीटर परत गाडीवर बांधलं.

"मी जातो, मावशी. पन उद्या दुसऱ्याला धाडतील."

गंगम्मांनी कडी लावली आणि त्या नवऱ्याच्या उशाशी बसल्या. गल्लीत कुठलीही मोटारसायकल थांबली, की त्या उठून कडी चाचपून बघत.